भिंतीत दडलेला कोळसा

रायपूरहून दुर्गकडे निघालेला रस्ता खारून नदी ओलांडतो, आणि थोड्याच वेळात कुम्हारी लागते. नाव कुंभाराची, त्याच्या चाकाची आणि आव्याची आठवण करून देणारे. मुंबई-हावडा लोहमार्गही याच गावावरून जातो, आणि पश्चिमेस भिलाईची धुराडी उभी आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखाचे मराठी माणसाशी नाते आहे. 1955 च्या फेब्रुवारीत भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत रशियाशी झाला, तेव्हा ज्या मध्य प्रदेशात हे गाव होते त्याची राजधानी नागपूरच होती. पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ त्यातून वेगळा झाला.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि दूरच्या खाणींतला कोळसा या भट्टीत एकत्र येऊ लागला. दहा लाख टन पोलादाचे स्वप्न पाहणाऱ्या त्या पिढीने खनिज मोजले, रूळ मोजले, खर्च झालेला रुपयाही मोजला. इमारतीच्या अंदाजपत्रकातही तेच असे: वाळू-खडीचे ब्रास, सिमेंटच्या गोण्या, सळयांचे टन, गवंड्याचा रोज. या साऱ्यासाठी किती कोळसा जळाला, हा रकाना त्यात नव्हता. असण्याचे कारणही नव्हते. कोळसा स्वस्त होता आणि आकाश मोठे होते.

तो रकाना उघडला 1973 च्या तेलटंचाईने. तेलाचे भाव चौपट झाले, तेव्हा एखादी वस्तू घडविण्यात किती ऊर्जा खर्ची पडते याचा शोध जगभर सुरू झाला. 1974 साली स्वीडनमध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत या हिशेबाचे काही सामाईक नियम ठरले. त्याच वर्षी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी ग्रामीण तंत्रविद्येसाठी ‘अस्त्र’ नावाचे केंद्र सुरू केले. तेथील परंपरेत वाढलेल्या वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेले आकडे आजही भारतीय अभ्यासक आधाराला घेतात.

ते आकडे बोलके आहेत. एक किलो सिमेंटमागे 5.85 मेगाज्यूल ऊर्जा लागते, एक किलो पोलादामागे 42. भट्टीत भाजलेली एक वीट 4.25 मेगाज्यूल खाऊन बसलेली असते. काँक्रीटच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या बहुमजली इमारतीच्या एका चौरस मीटरमागे सुमारे 4200 मेगाज्यूल पडतात. साध्या देशी कोळशात मोजायचे तर दोनशे किलोंच्या आसपास. विटांच्या भारवाही भिंतींच्या दुमजली घरात हाच आकडा 2920 वर येतो, आणि माती-सिमेंटच्या दाबून केलेल्या ठोकळ्यांच्या घरात 1610 वर. भाजण्याऐवजी दाबले की एवढा फरक पडतो! कुंभाराच्या गावाला हे ऐकून किंचित वाईट वाटावे. वाहतुकीचा वाटा मात्र समजतो तेवढा मोठा नाही. विटा शंभर किलोमीटरवरून आणल्या तरी त्या भाजण्याला लागलेल्या ऊर्जेत आठ टक्क्यांच्या आसपासच भर पडते.

पुढे हवामानबदलाची चिंता वाढली, तसा ऊर्जेच्या शेजारी कर्बवायूचा रकाना आला, आणि सिमेंटची खरी अडचण उघडी पडली. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की 56 किलो चुना हाती येतो, उरलेले 44 किलो कर्बवायू होऊन निघून जातात. भट्टीला कोळसा घाला, वायू घाला, सूर्याची उष्णता द्या. दगडातला हा वायू सुटणारच.

येथे भिलाईचा परिसर पुन्हा महत्त्वाचा ठरतो. झोतभट्टीत लोखंडावर जी मळी तरंगते, ती पाण्याने एकदम थंड केली की वाळूसारखी दाणेदार होते आणि तिच्या अंगी सिमेंटचा गुण येतो. जर्मनीत एमिल लांगेन यांना हे 1862 मध्येच कळले होते. भिलाईच्या कुशीत जामुल येथे असोसिएटेड सिमेंट कंपनीचा कारखाना 1965 साली उभा राहिला, तो या मळीच्या सान्निध्यामुळेच. भारतीय मानकाप्रमाणे अशा सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्के मळी चालते. जितकी मळी, तितकी चुनखडी भाजायची वाचते.

मग मोजणाऱ्यांत वाद उपस्थित झाला. मळी ही टाकाऊ वस्तू मानली तर तिच्या वाट्याला कर्बवायू जवळजवळ शून्य, आणि सिमेंट निर्मळ ठरते. पण ती विकली जाते, तिला भाव आहे. तेव्हा झोतभट्टीच्या धुराचा काही अंश तिच्याही नावे लिहावयास नको काय? लिहिला की पोलाद तेवढे हलके होते आणि सिमेंट तेवढे जड. आकाशात गेलेला धूर मात्र तेवढाच. वाटणी वजनाने करायची की किमतीने, यावरही उत्तर पालटते. घरटी हिस्सा ठरविताना भाऊबंदांत जे होते, तेच येथे दोन कारखान्यांत होते.

सरकारचे लक्षही या बाजूकडे उशिरा वळले. 2007 च्या ऊर्जासंवर्धन इमारत संहितेचा भर इमारत वापरताना लागणाऱ्या विजेवर होता. दिवे, पंखे, वातानुकूलन. बांधताना जळलेल्या कोळशाला तीत स्थान नव्हते. डिसेंबर 2024 मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली: एका टनामागे 2.2 टनांहून कमी कर्बवायू सोडला तरच पोलादाला ताऱ्यांची प्रतवारी, आणि 1.6 च्या खाली आला तर पाच तारे. देशाची सरासरी आजही अडीच टनांच्या घरात आहे. कोळशाने लोखंड वितळविणाऱ्या भिलाईसारख्या कारखान्यांना ही मर्यादा गाठणे सोपे नाही, आणि त्यांच्याच सळया देशभरच्या घरांत जाणार आहेत.