हुकूम कोणाचा, कायदा कोणाचा?

सेवाग्रामची बापूकुटी पाहायला आजही लोक येतात. पण तुरुंगातून 1941 मध्ये सुटल्यावर काही काळ वर्ध्याच्या आश्रमात राहिलेल्या चंद्रसिंह गढवालींचे नाव आम्ही वर्धेकरही क्वचितच घेतो.

23 एप्रिल 1930 रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र पठाणांवर गोळ्या झाडायला त्यांच्या पलटणीने नकार दिला. कोर्टमार्शल झाले, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. पुढे एका फ्रेंच पत्रकाराने विचारले तेव्हा गांधींनी या शिपायांची बाजू घेतली नाही. हुकूम मोडणारा शिपाई शपथ मोडतो, उद्या आमचे राज्य आले तर तो आमचाही हुकूम मोडेल, असा त्यांचा मुद्दा. अहिंसेच्या उपासकाने असे म्हणावे, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

शपथ कोणाशी, हा खरा प्रश्न आहे. 1950 च्या लष्कर कायद्याचे कलम 41 शिक्षा सांगते ती 'कायदेशीर' हुकूम मोडल्याबद्दल. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेब होते. हा शब्द इंग्रजांच्या लष्करी कायद्यातूनच आला, हे खरे. पण आता त्याच्यामागे संविधान उभे राहिले.

या एका शब्दाची सर्वात जास्त गरज असते ती शस्त्र खाली ठेवलेल्या कैद्याला. काही जण लगेच सांगतात, शरण आलेल्याला मारू नये हे मनुस्मृतीतही आहे. आहे, सातव्या अध्यायात आहे. मग आठवा अध्यायही वाचा ना! तिथे दासांचे सात प्रकार दिले आहेत आणि पहिलाच आहे 'ध्वजाहृत', म्हणजे युद्धात पकडलेला. जीव वाचला, माणूसपण गेले. 1949 चा जिनिव्हा करार कैद्याला दास मानत नाही. नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख यापलीकडे काही सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. भारताने 1960 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. 1971 च्या युद्धानंतर सुमारे 93,000 पाकिस्तानी, त्यांत नागरिकही होते, आपल्या ताब्यात होते. 1974 पर्यंत ते परत गेले.

बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आमच्या वस्त्यांतल्या अनेक घरांत त्या वर्दीतला फोटो भिंतीवर असतो. म्हणून 'कैदी कशाला पोसायचे, उडवा' असे मेसेज आपल्याच गटांत फिरतात तेव्हा आम्हाला गप्प बसवत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती लागले, तेव्हा हेच लोक जिनिव्हा कराराचे नाव घेत होते.