गाणं वाटलं तर कुणाचं काय गेलं?

मोबाइलवरून मित्राला गाणं पाठवणं ही चोरी आहे का? वर्गात हा प्रश्न निघाला, की आम्हाला नाशिकचे पलुसकर पितापुत्र आठवतात.

पूर्वी घराण्यातल्या खास चिजा सहसा घराबाहेर जाऊ देत नसत. ती चीज हीच गवयाची इस्टेट होती. पंडित विष्णु दिगंबरांनी ही कुलपं उघडली. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. चीज वाटल्यानं कमी झाली नाही. पण वाटायलाही पैसे लागतात! मुंबईत संस्थेच्या इमारतीचं कर्ज फिटलं नाही आणि तिचा लिलाव झाला. पुढे पंडितजी नाशिकला पंचवटीत, रामनाम आधार आश्रमात राहिले. १९३१ साली ते वारले.

त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय यांचं बालपण नाशिकचं. त्यांचं गाणं घरोघर पोचलं ते तबकड्यांमधून. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तबकडीची नक्कल घरी करणं शक्य नव्हतं. त्याला कारखानाच हवा. तेव्हाच्या कायद्यानं मुद्रणाचा हक्क मूळ साच्याच्या मालकाकडे, म्हणजे बहुधा कंपनीकडे असे. गायकाला स्वतंत्र हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. दत्तात्रेयबुवा तर १९५५ सालीच गेले होते.

पुढे कॅसेट आली आणि नक्कल घरात होऊ लागली. पण दर नकलेला कोरी टेप लागे, आणि खरखर वाढे. संगणकानं दोन्ही अडचणी दूर केल्या. हिशोब करून पाहू. सीडीवर दर सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्याला सुमारे ३ कोटी १७ लाख बाइट. मोठ्या आवाजाखाली दबलेले, कानाला न जाणवणारे बारकावे एमपीथ्री पद्धतीत गाळले जातात. सेकंदाला १,२८,००० बिट ठेवले, तर तेच गाणं २९ लाख बाइटांत, म्हणजे अकराव्या हिश्शात बसतं. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघालं ते याच जोरावर. २००१ साली न्यायालयीन लढाईत ते बंद पडलं.

नकलेचा खर्च असा शून्यावर आला. पण गाण्यामागच्या रियाजाचा, साथीदारांचा, ध्वनिमुद्रणाचा खर्च तेवढाच राहिला. तो कुणी द्यायचा? म्हणूनच कायदा काही काळ हक्क राखतो आणि मग गाणं सर्वांचं करतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९५५ साली निघालेल्या तबकडीची मुदत २०१५ अखेर संपली. तिच्यातलं पद तुलसीदासांचं असेल, तर शब्दांवरही कुणाचा हक्क नाही. पण त्याच गायकाचं एखादं मुद्रण प्रथमच १९७५ साली प्रकाशित झालं असेल, तर त्यावरचा हक्क २०३५ अखेरपर्यंत राहील. आवाज तोच, हिशोब वेगळा!

शिक्षकांसाठी एक सवलत आहे. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुढे ध्वनिमुद्रण वाजवायला कायद्याची आडकाठी नाही. तेच इंटरनेटवर चढवणं मात्र वेगळं.

कायद्याची मुदत मोजता येते. नीतीचा प्रश्न मोजून सुटत नाही. आम्हाला वाटतं, विष्णु दिगंबरांनी वाटलं ते स्वतः झीज सोसून. आपण पाठवतो तेव्हा झीज दुसऱ्याची असते. गाणं पाठवण्याआधी मुलांना एवढंच विचारायला सांगावं: याचा खर्च कुणी केला, आणि तो त्याला परत मिळाला का?