रांग तीच, काम मात्र बदललं

हल्ली गावात जो भेटतो तो विचारतो, "एआयमुळे अमेरिकेतल्या आपल्या पोरांचं काय होणार?" टीव्हीवर एक म्हणतो सगळे परत येणार, दुसरा म्हणतो एआय शिका, सोन्याचे दिवस आहेत. मागचं कुणीच सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

१९४६ च्या कायद्यानं भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला १०० जागा होत्या. अख्ख्या देशाला शंभर! दिवाळीत आमच्या एसटी स्टँडवर एका गाडीमागे तेवढे लोक पळतात. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्यानं ती पद्धत मोडली आणि आपले डॉक्टर, इंजिनियर तिकडे जाऊ लागले.

१९९० चा कायदा मात्र नीट समजून घ्या. त्यानं दोन गोष्टी केल्या. कामापुरता एच-१बी व्हिसा आणला, वर्षाला ६५,०००. आणि नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं ठेवली साधारण १,४०,०००, त्यात कुठल्याही एका देशाला जेमतेम ७ टक्के. भारत असो की आइसलँड, कमाल वाटा तेवढाच. दार मोठं आणि आतला जिना अरुंद, अशी ही रचना.

मग आलं वायटूके. जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं. २००० उजाडलं की मशीन १९०० समजणार. ओळ न् ओळ तपासायचं कंटाळवाणं काम. ते मोठ्या प्रमाणावर आपल्या पोरांकडे आलं. लोक त्याला हमाली म्हणायचे. मला तसं वाटत नाही. त्या हमालीतच बँका आणि विमा कंपन्यांचा कारभार आतून कळला, आणि त्यातलेच कितीतरी पुढे टीम लीडर, मॅनेजर झाले. मागणी एवढी की २००१ ते २००३ या वर्षांत एच-१बीची मर्यादा १,९५,००० होती. २००४ ला परत ६५,०००. नंतर तिथं मास्टर्स केलेल्यांना २०,००० जादा.

आज एआय नेमकं हेच काम करतं. कोड तपासणं, टेस्टिंग, जुना प्रोग्रॅम नव्या भाषेत आणणं. म्हणजे घाव बसतोय तो पहिल्या पायरीवर.

जे वर चढलेत त्यांची अडचण वेगळी आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज माणसाच्या नावावर असतो, तसाच ठरावीक कामाच्या वर्णनावरही असतो. शेवटच्या टप्प्याआधी काम फार बदललं, तर तिथल्या कामगार खात्याची मंजुरी बहुतेक वेळा नव्यानं घ्यावी लागते. रांगेतली तारीख सहसा टिकते, पण खर्च, वकील, धाकधूक पुन्हा पहिल्यापासून. एआय दर वर्षी कामाचं वर्णन बदलतंय आणि हा माणूस दहा-दहा वर्षं त्याच वर्णनाला बांधलेला. बढती आली तरी आधी वकिलाला फोन! नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस.

गंमत बघा, आजचं चॅटजीपीटी ज्यावर उभं आहे तो गुगलमधल्या आठ जणांचा २०१७ चा शोधनिबंध. त्यातले बहुतेक अमेरिकेबाहेर जन्मलेले. पहिलं नाव आशिष वासवानी. त्यातल्याच एक लेखिका निकी परमार पुण्याच्या पीआयसीटी कॉलेजात शिकलेल्या. म्हणजे हे यंत्र घडवणाऱ्यांतही बाहेरून आलेले, आणि त्याची झळ बसणाऱ्यांतही तेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर लावले. एवढे पैसे भरून नवशिक्याला कोण बोलावणार? यंत्रानं पायरी काढली नसती तरी या हुकमानं काढलीच असती.

इथं मात्र अजूनही शेत गहाण ठेवून पोराला मास्टर्सला पाठवणारे बाप मला भेटतात. त्यांना मी एकच सांगतो, दादा, कॉलेजचं नाव नंतर विचारा. तिथून बाहेर पडलेल्या मागच्या दोन बॅचच्या पोरांना पहिली नोकरी कुठली लागली, ते आधी विचारा. आणि तुमच्या घरातलं कुणी त्या रांगेत असेल, एआयमुळे काम बदललं म्हणून कागद पुन्हा करावे लागले असतील, तर मला कळवा. नाव छापणार नाही.