वाफेच्या इंजिनाचे चित्र : उभे कुठे राहावे?



वाफेचे जुने इंजिन एखाद्या मार्गावर पुन्हा धावणार अशी बातमी कानावर आली, की माणसे घरात बसत नाहीत. म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन निघतात, तरुण मंडळी कॅमेरे गळ्यात अडकवून निघतात. पूर्वी गावात कॅमेरा असलाच तर एखाद्याच्याच घरी असायचा. आता तो ज्याच्यात्याच्या खिशातल्या फोनातच येऊन बसला आहे. तेव्हा फोटो काढायचा कशाने हा प्रश्न उरलेला नाही. उभे कुठे राहायचे, हा प्रश्न मात्र उरला आहे. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते याच प्रश्नाबद्दल. वरवर पाहता हा हौसेचा प्रश्न दिसतो. पण आपण सह्याद्रीत राहणारी माणसे तो विचारू लागलो, तर तो आपल्याला इतिहासात घेऊन जातो आणि शेवटी मुळशीच्या तळ्याच्या काठावर आणून उभा करतो. कसा, ते पाहा.

आधी हौसेपुरते बोलू. सपाट रानात धावणारे इंजिन डौलदार दिसते, पण तिथे त्याला कष्ट पडत नाहीत. ज्याला वाफेचे इंजिन खरे पाहायचे आहे त्याने चढावर जावे. चढ लागला की आगवाला कोळसा सारत राहतो, धुराड्यातून धुराचे लोट उठतात आणि इंजिनाचा श्वास लांबून ऐकू येतो. त्यातही वळण असलेली जागा धरावी, म्हणजे इंजिनाबरोबर मागचे डबेही एका नजरेत येतात. सूर्य आपल्या पाठीशी, जरा खांद्यावरून येणारा असावा. हवा थंड असेल तर वाफ पांढरीशुभ्र आणि दाट दिसते. म्हणून मार्गशीर्ष-पौषातला दिवस वैशाखातल्या दिवसापेक्षा बरा.

आणि एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना बजावून सांगावी. रुळांवर, पुलावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी उभे राहायचे नाही. तो कायद्याने गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे तो वेगळाच. चांगली जागा म्हणजे लांबची, उंचावरची आणि सार्वजनिक रस्त्याने पोचता येईल अशी जागा.

आता असा चढ, अशी वळणे आणि अशी उंची आपल्या मुलखात कुठे आहे? मुळशी तालुक्यातून मुंबई-पुण्याची रेल्वे जात नाही. पण शेजारच्या मावळात ती सह्याद्री उतरते, ती बोरघाटातून. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा ही घाटातली ठिकाणांची नावे तुम्ही खिडकीतून वाचली असतील. खंडाळ्याजवळ महामार्गाच्या कडेला राजमाची पॉइंट आहे. तिथून दरीपलीकडची डोंगराची सोंड आणि घाटाचा पसारा दिसतो. मात्र एक ध्यानात ठेवा. या घाटाचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी डोंगराची सावली दरीत पडलेली असते. ऊन उतरते ते दुपारनंतर. पहाटे उठून धावत गेलेला हौशी माणूस इथे फसतो, जेवून निघालेला फायद्यात राहतो!

हा घाट बांधला कसा, तेही थोडक्यात सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १८५८ साली खंडाळा ते पुणे ही वाट सुरू झाली. पण मध्ये सह्याद्री उभा होता. घाटाखाली उतरायचे, पायी, पालखीने किंवा बैलगाडीने घाट चढायचा आणि वर दुसरी गाडी धरायची, असा तो प्रवास होता. घाटातली वाट १८६३ च्या एप्रिलात खुली झाली. पंधरा मैलांहून अधिक लांबीत तिला अठराशे फुटांवर चढायचे होते. पंचवीस बोगदे खोदावे लागले. काही ठिकाणी चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला हा चढ काहीच नाही, पण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर तो भारी पडतो.

खंडाळ्याजवळ तर एक गंमतच होती. डोंगर इतका उभा, की गाडी वळवायला जागा नव्हती. मग गाडी एका सोंडेवर सरळ नेऊन थांबवीत. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडीत, आणि मागचा डबा पुढे होऊन गाडी उलट दिशेने वर चढे. त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. आपला गाडीवान अरुंद बोळातून बैल सोडून गाडी फिरवतो, त्यातलाच हा प्रकार. ही पद्धत पुढे नव्या बोगद्यांचा मार्ग काढल्यावर बंद पडली.

आता फोटोकडे या. बोरघाटात उभे कुठे राहावे, हा प्रश्न पहिल्यांदा कोणाला पडला असेल? घाटाचे कंत्राट प्रथम फॅविएल नावाच्या इंग्रजाकडे होते. १८५९ च्या आरंभी मजुरीच्या पैशांवरून मजूर खवळले, मोठा दंगा झाला आणि त्याच वर्षी फॅविएलने काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल आला, पण आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल मायदेशी निघून गेली नाही. तिने कंत्राट आपल्याकडे ठेवले, दोन जाणत्या इंजिनियरांच्या हाती काम सोपवले आणि घाट पुरा करून घेतला. घाटाच्या बांधकामाची जी जुनी छायाचित्रे आहेत, ती या अ‍ॅलिसबाईंनी काढलेली म्हणून ओळखली जातात.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते, याची कल्पना करा. काचेवर औषध लावायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद झाकण उघडे ठेवायचे आणि काच सुकण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. हे सगळे कुठे, तर डोंगराच्या कड्यावर, वाऱ्यात आणि धुळीत. जागा निवडण्याआधी तंबूला जागा पाहावी लागे! हललेली वस्तू काचेवर पुसट होई. म्हणून त्या चित्रांत ठाशीव दिसतात ते डोंगर, दगडी पूल आणि बोगद्यांची तोंडे.

आणि माणसे? माणसे हलत होती. कामाच्या ऐन भरात या घाटात बेचाळीस हजारांच्या घरात माणसे राबत होती, असा आकडा नोंदलेला आहे. काही मजूर कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडीत. पटकी आणि ताप यांनी किती गेले याची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही. अ‍ॅलिसबाईंचे नाव चित्रावर राहिले, इंजिनियरांची नावे पुस्तकांत राहिली. सुरुंग पेरणाऱ्यांची नावे कुठेच राहिली नाहीत. चित्र खोटे नाही, मंडळी. पण चित्राला चौकट असते, आणि चौकटीबाहेर पुष्कळ काही राहून जाते.

ही गोष्ट मुळशीत आली की जास्त कळते. आता तिकडे वळू.

बोरघाटातले वाफेचे राज्य सुमारे पासष्ट वर्षे टिकले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली. १९२९-३० च्या सुमारास विजेच्या तारा घाट चढून पुण्याला पोचल्या आणि १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन धावू लागली. धूर गेला, बोगद्यात खिडक्या लावून घेण्याची धांदल गेली. रेल्वेने आपली वीज करण्यासाठी कल्याणजवळ चोळे येथे कोळशावर चालणारे वीजघर उभारले होते. म्हणजे इंजिनातला कोळसा वीजघरात गेला, एवढेच म्हणा ना! पण मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, आणि ती कोळशाऐवजी सह्याद्रीच्या पाण्यावर करायची असे टाटांनी ठरवले होते. घाटमाथ्यावर पाणी अडवायचे आणि ते डोंगर पोखरून कोकणात सोडायचे. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले, पुढे भिवपुरीचे. तिसरी योजना आली मुळशीत, मुळा नदीवर.

मुळशीचे ते खोरे आंबेमोहोराचे. भाताची खाचरे, देवळे, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, सगळे पाण्याखाली जाणार होते. बावन्न गावांवर हे संकट होते. १९२१ च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. तारीख होती १६ एप्रिल. पहिली आगगाडी धावली तीही १६ एप्रिलच, हा निव्वळ योगायोग. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ हे नाव दिले. बायाबापड्या तुरुंगात गेल्या. पण जमिनीचे कागदावरचे मालक वेगळे आणि ती कसणारे वेगळे होते. सावकार मंडळींना भरपाई पुरेशी वाटली, कसणाऱ्याला जमिनीच्या बदल्यात पैसा नको होता. लढ्यात फूट पडली आणि धरण वर चढत राहिले.

शेवटी १९२४ च्या डिसेंबरात काय झाले? धरणाच्या कामावर माणसे नेणारी आगगाडी बापट आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी रुळांवर दगड रचून अडवली. हातात शस्त्रे होती आणि गोळ्याही झाडल्या गेल्या. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. शांततेने सुरू झालेल्या सत्याग्रहाचा हा शेवट बरोबर की चूक, यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होऊ शकतो. तो वाद वर्गात मुलांसमोर जरूर मांडावा. पण माणसे तिथवर का आली, हे आधी सांगावे.

आता मला सांगा, त्या दिवशी फोटो काढणारा कोणी असता तर तो कुठे उभा राहिला असता? इंजिनाच्या बाजूला राहिला असता तर चित्रात दिसले असते वाट अडवणारे हत्यारबंद लोक. दगडांच्या बाजूला राहिला असता तर दिसले असते अंगावर येणारे इंजिन, आणि चित्र पाहणाऱ्याच्या पाठीमागे बुडू घातलेले गाव. गाडी तीच, क्षण तोच, पण दोन चित्रे पाहून दोन वेगळ्या गोष्टी मनात येतात. म्हणून मी म्हणतो, उभे कुठे राहावे हा नुसता हौसेचा प्रश्न नाही.

१९२७ साली काम पुरे झाले. मुळशीचे पाणी डोंगराखाली दीड हजार फुटांहून अधिक खोल उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडू लागले. आजही पडते आहे. वीज वाईट नव्हे. तुमच्या घरात दिवा लागतो, मुले रात्री अभ्यास करतात, ते विजेमुळेच. आणि वाफेचे इंजिन गेले म्हणून कोणी रडावे असेही नाही. भट्टीपुढे जन्म काढलेल्या आगवाल्याला विचारा! आपल्या देशात मोठ्या रुळांवरची वाफेची नेहमीची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये थांबली. आता १८५५ सालच्या ‘फेअरी क्वीन’सारखी इंजिने जपून ठेवली आहेत आणि ती पाहून मन हरखते. हरखावेच. पण ज्यासाठी आपण हळहळतो ते इंजिन निदान म्युझियममध्ये उभे आहे. पाण्याखाली गेलेल्या गावाला म्युझियम नाही.

शिक्षक मित्रहो, मुळशी-मावळातल्या शाळांसाठी एक गोष्ट सुचवतो. सहलीला मुलांना एकदा घाटाकडे न्या आणि एकदा मुळशीच्या तळ्याकडे. दोन्ही ठिकाणी सुरक्षित, उंच जागा पाहून त्यांना एकेक चित्र काढू द्या. फोनने काढोत की पेन्सिलीने. मग वर्गात दोन प्रश्न विचारा. या चित्रात काय दिसते? आणि इथेच घडले, पण या चित्रात दिसत नाही, असे काय? पहिल्याचे उत्तर मुले झटकन देतील. दुसऱ्यासाठी त्यांना घरी जाऊन आजीआजोबांना विचारावे लागेल. ज्यांच्या घरात मुळशीतून उठून आलेल्या पिढीच्या आठवणी असतील, त्यांच्याकडून अशी माहिती येईल जी कोणत्याही पुस्तकात नाही. ती वहीत उतरवून घ्या, गावाचे आणि सांगणाऱ्याचे नाव घालून. बोरघाटात जे राहून गेले ते इथे राहू देऊ नका.

जुने इंजिन पुन्हा कधी आपल्या बाजूला पाहुणे म्हणून आले, तर अवश्य जा. ऊन पाठीशी घ्या, चढ आणि वळण पाहा, रुळांपासून लांब राहा. धुराचा लोट उठला की फोटो काढा. मग फोन खिशात ठेवा आणि एकदा मागे वळून पाहा. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिथे पूर्वी कोण उभे होते, ते शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. तेवढे केलेत तर तुमचे चित्र पुरे झाले.