ध्रुवावरच्या कुत्र्यांचं जेवण

आमच्या सोसायटीतल्या कुत्रेवाल्यांमध्ये सध्या दोन तट पडलेत. एक पाकिटातल्या गोळ्यांवाला, दुसरा कच्च्या मांसावाला. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं की कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, त्याला कच्चं मांस आणि हाडं घाला, बाकी सगळा कंपन्यांचा कावा. माझ्या घरी दोन कुत्री असल्यामुळे दोन्हीकडचे लोक मला आपल्यात ओढायला बघतात. म्हटलं, आधी जरा इतिहास बघू. (हापिसातलं काम विकांताला टाळायला एवढं कारण पुरतं.) आणि वाचता वाचता जाऊन पोचलो थेट दक्षिण ध्रुवावर.

कुत्र्यांचं तयार खाणं तसं फार जुनं नाही. १८६०च्या दशकात जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली. त्यात गहू, भाज्या, बीट आणि थोडं मांस असायचं. कच्च्या मांसाची आजची लाट त्याहून कितीतरी अलीकडची, इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याच्या १९९३ च्या पुस्तकापासूनची. पण शंभरावर कुत्री मांसावर पोसायची म्हणजे काय करावं लागतं, याचा पक्का हिशोब आधीच कुणीतरी मांडून ठेवला होता. रोआल्ड अमुंडसेनने.

अमुंडसेन १९०३ ते १९०५ कॅनडाच्या उत्तरेला नेट्सिलिक इनुइट लोकांच्या शेजारी राहिला होता. कपडे, कुत्री, स्लेज सगळं तिथे शिकला. ऑगस्ट १९१० मध्ये 'फ्राम' जहाजावर ९७ ग्रीनलंड कुत्री घेऊन तो नॉर्वेहून निघाला. वाटेत पिल्लं झाली आणि जानेवारी १९११ मध्ये बे ऑफ व्हेल्सला पोचेपर्यंत आकडा ११६ वर गेला. उतरल्या उतरल्या माणसं सील मारायच्या कामाला लागली. हिवाळ्याआधी त्यांनी ८०, ८१ आणि ८२ अक्षांशांवर जे साठे करून ठेवले, त्यात १,४०० किलोच्या आसपास नुसतं सीलचं मांस होतं. प्रवासासाठी कुत्र्यांचं वेगळं पेमिकन होतं, एक माशाचं, एक मांसाचं. दोन्हीत दुधाची भुकटी आणि भरड पीठ मिसळलेलं. म्हणजे 'निव्वळ मांस' तिथेही नव्हतंच, हे आमच्या दुसऱ्या तटाने लक्षात घ्यावं :-)

आणि ही कुत्री कुठली होती, तेही बघायला हवं. २०१३ मध्ये 'नेचर' मध्ये आलेल्या संशोधनात असं दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. माणूस शेती करायला लागला, उष्टं-खरकटं कुत्र्यापुढे पडलं, आणि कुत्र्याचं पोट बदललं. पुढच्या अभ्यासांत आर्क्टिकमधल्या हस्कीसारख्या जातींत आणि डिंगोंमध्ये या प्रती कमी सापडल्या, कारण त्यांच्या माणसांकडे शेतीच नव्हती. तेव्हा सीलवर पोसलेल्या कुत्र्याचा दाखला गावाकडच्या भाकरी-ताकावर वाढलेल्या कुत्र्याला लावणं मला तरी पटत नाही.

अमुंडसेनच्या आधी स्कॉटने १९०२ मध्ये १९ कुत्री घेऊन दक्षिणेकडे कूच केलं होतं. सोबत विल्सन आणि शॅकलटन. कुत्र्यांसाठी नॉर्वेचे सुकवलेले मासे नेले होते. खरं तर बिस्किटांपेक्षा चांगला विचार, पण जहाज उष्ण कटिबंधातून जाताना मासे खराब झाले. कुत्री एकेक करून ढेपाळायला लागली. मग मेलेली आणि मारलेली कुत्री उरलेल्यांना खायला घालायची वेळ आली. मारायचं काम विल्सनच्या वाट्याला आलं, स्कॉटच्याने ते बघवेना, आणि आपण अंग चोरलं हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. १९ पैकी एकही परत आलं नाही.

अमुंडसेनच्या बाबतीत मात्र ही वेळ 'आली' नाही, ती वेळापत्रकातच होती. हिशोब सरळ आहे. स्लेजवरचं बरंचसं वजन खाण्याचं, ते रोज कमी होतं, म्हणजे ओढायला लागणारी कुत्रीही रोज कमी. जी जादा झाली ती उरलेल्यांचं आणि माणसांचं खाणं. एका कुत्र्यामागे सुमारे ५० पौंड मांस त्याने गृहीत धरलं होतं, आणि तेवढं ओझं स्लेजवर घ्यायचं वाचलं. ओझं स्वतःच्या पायांनी चालत येत होतं! आपल्याकडे प्रोजेक्टचा रॅम्प-डाउन प्लॅन करतात ना, अगदी तस्सा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आधी मनातल्या मनात दाद दिली आणि मग पोटात ढवळलं.

१९ ऑक्टोबर १९११ ला पाच माणसं आणि ५२ कुत्री निघाली. २१ नोव्हेंबरला अ‍ॅक्सेल हायबर्ग हिमनदी चढून सगळे पठारावर पोचले. ही सगळी चढण कुत्र्यांनी ओढून काढली होती. त्याच संध्याकाळी २४ कुत्री मारायची होती, प्रत्येकाने आपापल्या गाडीची. त्या जागेचं नावच पुढे 'खाटिकखाना' पडलं. अमुंडसेन तंबूत स्वयंपाकाला बसला होता. गोळ्यांचे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून तो स्टोव्हला जोरजोरात पंप मारत राहिला. वादळामुळे मुक्काम चार दिवस लांबला, आणि त्या मुक्कामात माणसांनी आणि कुत्र्यांनी तेच मांस खाल्लं. १८ कुत्री पुढे निघाली. १४ डिसेंबरला ध्रुव गाठला आणि २५ जानेवारी १९१२ ला ११ कुत्री तळावर परत आली. माणसं पाचही धडधाकट.

मार्चमध्ये 'फ्राम' टास्मानियात होबार्टला लागलं. तिथे अमुंडसेनने २१ कुत्री डग्लस मॉसनच्या ऑस्ट्रेलियन मोहिमेला भेट दिली. मॉसन स्वतः तेव्हा अंटार्क्टिकावर पोचलेला होता, वेगळी ग्रीनलंड कुत्री घेऊन. त्या कुत्र्यांची गोष्ट 'कच्चं तेच चांगलं' म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावी. १४ डिसेंबर १९१२ ला, म्हणजे ध्रुव गाठल्याच्या बरोब्बर वर्षाने, मॉसनचा साथीदार निनिस स्लेजसकट बर्फाच्या भेगेत गेला. त्याच्याबरोबर सहा उत्तम कुत्री, माणसांचं बहुतेक खाणं आणि कुत्र्यांचं तर सगळंच. मॉसन आणि मर्ट्झ उरलेली कुत्री एकेक मारत परत निघाले. कुत्र्यांना जुने हातमोजे, बूट आणि चामड्याचे पट्टे खायला घातले. कुत्र्यांचं मांस चिवट, दात लागत नव्हते. कलेजी तेवढी मऊ.

आमचा चिकनवाला 'कुत्र्यासाठी' म्हटलं की मूठभर कलेजी वर टाकतो, म्हणून इथे जरा थांबलो. कलेजीत अ जीवनसत्त्व साठतं, आणि सील खाऊन वाढलेल्या कुत्र्यांत तर ते फारच. मर्ट्झची कातडी सोलवटली, पोट बिघडलं, मग भ्रम व्हायला लागला. ८ जानेवारी १९१३ च्या रात्री तो गेला. त्याला अ जीवनसत्त्वाची विषबाधा झाली असावी, ही शक्यता १९६९ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मांडली. सगळ्यांना ती मान्य नाही, काहींच्या मते उपासमार आणि थंडी एवढंच पुरेसं होतं. मर्ट्झ आजारी पडल्यावर मॉसन आपल्या वाटणीतला मऊ भाग, म्हणजे कलेजीच, त्याला जास्त देत होता असं सांगतात. पुढचे सुमारे १६० किलोमीटर मॉसन एकटा चालला.