हाली, कलदार आणि डब्यातल्या नोटा



माझ्या आजेसासूबाईंचं माहेर बार्शी आणि सासर केज. आज हा दोन-तीन तासांचा रस्ता, पण त्यांच्या लग्नाच्या वेळी मधे राज्याची हद्द होती. बार्शी इंग्रजी मुलखात, केज निजामाच्या. तिकडे कलदार रुपया चालायचा, इकडे हाली. सहा कलदारला सात हाली असा भाव. म्हणजे माहेरहून मिळालेले शंभर कलदार केजच्या बाजारात 116 रुपये 10 आणे 8 पै व्हायचे. आजेसासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण हा हिशेब त्या तोंडी करायच्या, असं सासूबाई सांगतात.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, पण हाली लगेच गेली नाही. 1950 पासून भारतीय रुपया आला आणि काही वर्षं दोन्ही बरोबर चालले. त्यातच 1 एप्रिल 1957 ला आणे-पैंची जागा शंभर नव्या पैशांनी घेतली. चार आण्यांचे पंचवीस पैसे हे सोपं, पण एका आण्याचे सव्वासहा! भाजीवाली सहा देणार की सात घेणार, यावर रोज वाद. ते दशक संपेपर्यंत हाली कायमची बंद झाली.

आजेसासूबाई गेल्यावर त्यांचा पितळी डबा उघडला. आत हालीच्या नोटांची गुंडाळी होती. वाणसामानातून वाचवलेले पैसे. एवढ्या हुशार बाईनं त्या वेळेत बदलून का घेतल्या नाहीत? सासूबाई म्हणाल्या, “बदलायला द्यायच्या तर घरातल्या पुरुषाच्या हाती द्यायच्या. मग कुठून आल्या ते सांगावं लागलं असतं.” काटकसर करून साठवलेला पैसा चोरीच्या मालासारखा लपवावा लागला आणि लपवल्यामुळेच तो कागद झाला.

खरं तर 1956 सालीच हिंदू वारसा कायदा आला होता. तो आपल्या जैन समाजालाही लागू आहे. बाईकडे असलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण, असं त्याच्या चौदाव्या कलमानं ठरवलं. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाएवढा हक्क दिला. पण कायदा झाल्याची खबर त्या डब्यापर्यंत कोण पोचवणार?

प्रवचनात आपण आनंद श्रावकाची कथा ऐकतो. उपासकदशांग सूत्रात त्याच्या संपत्तीचा चोख हिशेब आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेव म्हणून, चार कोटी व्याज-व्यापारात, चार कोटी घरसंसारात. शिवाय गायींचे चार गोठे, प्रत्येकात दहा हजार. भगवान महावीरांसमोर त्यानं यापुढे जास्त नको, अशी मर्यादा घेतली. घरी येऊन पत्नी शिवानंदेला सांगितलं, आणि तिनेही जाऊन श्राविकेची बारा व्रतं घेतली. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. परिग्रह परिमाण करायचं तर आधी परिग्रह किती आहे ते माहीत हवं. जे मोजलंच नाही, त्याला मर्यादा कशी घालणार?

गेल्या पर्युषणात मी वही घेऊन बसले. दागिने, पोस्टातली खाती, बँकेच्या ठेवी, भिशी, उसने दिलेले, सगळं लिहिलं. तेव्हा साडीच्या घडीतून एक ठेवपावती निघाली. मुदत संपून दोन वर्षं झालेली! म्हणजे डबा माझ्याही घरात होताच.

ती वही मी यांना दाखवली आणि सुनेलाही. प्रत्येक ठेवीला वारस नोंद आहे का ते बँकेत जाऊन पाहिलं. मग उरलेल्या आकड्याकडे बघून मर्यादा ठरवली आणि महाराज साहेबांकडून पच्चक्खाण घेतलं.

यंदा पर्युषणाआधी तुम्हीही एक दुपार काढा. वही नवी नसली तरी चालेल. आणि लिहून झाल्यावर ती लपवू नका.