एकांडे डॉल्फिन

कळपापासून दूर, किनाऱ्यालगतच्या एखाद्या लहानशा टापूत एकटाच राहणारा आणि आपणहून माणसांच्या जवळ येणारा वन्य डॉल्फिन. त्याला कोणी पकडलेले नसते, शिकवलेले नसते. खाण्याच्या आमिषानेही तो सहसा येत नाही, मासे स्वतःच पकडून खातो. बहुतेक नोंदी बॉटलनोज जातीच्या आहेत.

डॉल्फिन हा स्पर्शप्रिय प्राणी आहे. कळपात ते एकमेकांना परांनी चोळतात, अंगाला अंग घासत पोहतात. आई गमावल्यामुळे किंवा कळपातून हुसकावल्यामुळे एकटा पडलेला प्राणी ही गरज प्रथम नांगराच्या साखळीवर, बोयावर, होडीच्या तळावर भागवतो. मग तो होड्यांमागे येऊ लागतो. त्यानंतर रोज पाण्यात उतरणाऱ्या एखाद्या माणसाशी त्याची ओळख होते, ती बातमी पसरते आणि गर्दी जमते. इथपर्यंतचा प्रवास बहुतेकांच्या बाबतीत याच क्रमाने झालेला दिसतो. त्याच्या लेखी माणूस म्हणजे कळपाची उणीव भरून काढणारा सोबती. या मैत्रीची सगळी गोडी आणि सगळा धोका त्यातच आहे.

सर्वांत हृद्य कहाणी न्यूझीलंडमधील ओपोची. १९५५ साली होकिआंगा बंदरात ती होड्यांमागे येऊ लागली. वल्ह्याने किंवा झाडूने अंग खाजवून घेणे तिला आवडे. १९५५-५६ च्या उन्हाळ्यात ती ओपोनोनी गावाच्या किनाऱ्यावर मुलांमध्ये खेळू लागली. चेंडू उडवी, एका तेरा वर्षांच्या मुलीला पाठीवर बसू देई. तिला पाहायला हजारो लोक लोटले. त्यांतले काही तिला ओढत, उचलू पाहत. गावकऱ्यांनी समिती नेमली आणि सरकारकडे संरक्षण मागितले. संरक्षणाचा आदेश मार्च १९५६ मध्ये लागू झाला आणि ९ मार्चला ओपो खडकांच्या कपारीत मेलेली सापडली. सुरुंगाने मासे मारणाऱ्यांचा ती बळी ठरली असावी, असा संशय तेव्हा घेतला गेला. गावाने तिला सभागृहाशेजारी पुरले. ओपोनोनीत आज तिचा पुतळा आहे.

याच देशात त्याआधी पेलोरस जॅक हा रिसो जातीचा डॉल्फिन १८८८ ते १९१२ या काळात फ्रेंच पासच्या परिसरात जहाजांना सोबत करीत असे. त्याच्यासाठी १९०४ मध्ये खास संरक्षण आदेश निघाला होता. आयर्लंडमधील डिंगलच्या खाडीतला फंगी १९८३ पासून ऑक्टोबर २०२० पर्यंत दिसत राहिला. इतका दीर्घ सहवास दुसऱ्या कोणाचाही ज्ञात नाही.

हे नाते जुने आहे. प्राचीन रोमन लेखक धाकट्या प्लिनीच्या एका पत्रात उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (आजचे बिझर्ट, ट्युनिशिया) येथील डॉल्फिनची हकिगत आहे. एका मुलाशी त्याची मैत्री जमली, त्याला पाहायला बडे अधिकारी येऊ लागले आणि त्यांच्या सरबराईचा खर्च छोट्या गावाला झेपेना. शेवटी डॉल्फिनला गुपचूप मारून टाकण्यात आले.

इजा दोन्हीकडे होते. ब्राझीलमधील साओ सेबास्तियाव येथे त्रास देणाऱ्या लोकांवर तियाव नावाच्या नराने १९९४ मध्ये हल्ले केले. त्यांत एकाचा मृत्यू झाला. दोष तियावचा म्हणणे अन्यायाचे ठरेल. एकट्या नराची कामुक लगटही पोहणाऱ्याला घातक ठरू शकते. झाफर या नरामुळे फ्रान्समधील लांदेव्हेनेकच्या महापौरांनी २०१८ मध्ये पोहण्यास बंदी घातली. हाच झाफर २०२० मध्ये एका जहाजामागून ॲम्स्टरडॅमला पोहोचला आणि काही दिवसांतच नेदरलंड्सच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत आढळला. होड्यांची सवय जडल्यामुळे असे प्राणी प्रोपेलरजवळही बेधडक जातात.

संरक्षणाचे उपाय बहुधा गर्दी जमल्यावर सुरू होतात, आणि तोवर सवय पक्की झालेली असते. डॉल्फिन नुसता होड्यांमागे येत असतो तेव्हाच पोहणाऱ्यांना त्याच्यापासून लांब ठेवले, तर तो स्वजातीयांत परतण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे नवा एकांडा प्राणी दिसताच त्याचा ठावठिकाणा जाहीर न करणे आणि होड्यांना वेगमर्यादा घालणे ही पहिली पावले मानली जातात.